‘फिटॅस्टिक’ म्हणजे काय? सोलापुरात जाहिराती लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापुरात फ्लेक्स, हँडबिलं, निमंत्रणपत्रिका आणि मोबाईलवर फिरणारी आवाहनं लिहिणारे सर्वजण; तसंच कार्यक्रमांची नावं सुचवणारे आणि त्या नावांना मंजुरी देणारे पदाधिकारी

विषय: शब्द कापून जोडण्याची नवी रीत

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी मुद्रितशोधक आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा मजकूर छपाईला जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातो. ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं, सुटलेला काना भरायचा, बिघडलेलं जोडाक्षर सरळ करायचं, एवढंच माझं काम. शब्द कोणता निवडायचा तो अधिकार तुमचा, म्हणून आजवर मी कधी तोंड उघडलं नाही. पण आता प्रुफात असे शब्द यायला लागलेत की ते बरोबर आहेत की चूक, हेच सांगता येत नाही. ‘ज्ञानथॉन’. ‘चहाहोलिक’. ‘सखीप्रेन्युअर’. ‘साडीलिशियस’. ‘दिवाळीकेशन’. कुठल्या कोशात हे सापडायचे नाहीत आणि कुठल्या नियमानं तपासता यायचे नाहीत. तुम्ही लिहिता तसे मी ते पुढं पाठवते, आणि दर वेळी मनात राग राहतो. तो का राहतो, ते नीट सांगावं म्हणून हे पत्र.

मध्यंतरी आमच्या पूर्व भागात एका संस्थेनं बायकांसाठी मोफत तपासणी ठेवली होती. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, डोळे, सगळं एका ठिकाणी. काम चांगलं होतं, डॉक्टर चांगले होते. पत्रकावर मात्र ठळक अक्षरांत नाव होतं ‘नारी फिटॅस्टिक’, आणि तपासणीचा तपशील अगदी तळाशी, बारीक टाइपात. आमच्या गल्लीत घरोघरी विड्या वळल्या जातात. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायचं, पाठ वाकलेली, तंबाखूची धूळ नाकातोंडात. तपासणीची खरी गरज या बायकांना. त्यांच्यातल्या एकीनं ते पत्रक अक्षर लावत वाचलं आणि बाकीच्यांना तेलुगूत सांगितलं, फिट येणाऱ्या बायकांसाठी काहीतरी आहे म्हणून. आपल्याकडं फिट म्हणजे काय? माणूस रस्त्यात कोसळतो, तोंडाला फेस येतो, कुणीतरी धावत जाऊन कांदा आणून हुंगवतं, ती फिट. आमच्या गल्लीतून कुणी गेलं नाही.

ती बाई अडाणी नव्हती. तिला मराठी वाचता येत होतं. तिनं शब्दाचा ओळखीचा तुकडा पकडला आणि त्याचा आपल्या भाषेतला खरा अर्थ लावला. उरलेला ‘ॅस्टिक’ हा इंग्रजी ‘फँटॅस्टिक’चा कापलेला तुकडा, त्याला अर्थच नव्हता, तर ती काय लावणार? ‘बायकांची मोफत तपासणी’ एवढं लिहिलं असतं तर संपूर्ण गल्ली गेली असती. ‘शिबिर’ हा शब्द तर आज निरक्षर माणसालाही कळतो. डोळ्यांचं शिबिर, रक्तदान शिबिर. संस्कृतातला जुना शब्द, पण गावोगाव वापरून वापरून घरचा झाला.

मी स्वतः त्याच गल्लीत वाढले. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर, आई विड्या वळणारी, घरातली बोली तेलुगू. मराठी मला महापालिकेच्या शाळेनं दिली. आपल्या शहरात माझ्यासारखे किती तरी आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. पूर्व भागात तेलुगू, बाळीवेशीकडं कानडी, कुठं दखनी उर्दू, कुठं मारवाडी. या सगळ्यांची मराठी ही शिकून घेतलेली भाषा आहे आणि ती त्यांनी मनापासून शिकली आहे. मंडईत, दवाखान्यात, कोर्टात, एसटीत आम्ही एकमेकांना मराठीतच भेटतो. संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघाले की ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ म्हणताना कोण घरी काय बोलतं हे कुणी विचारत नाही. ज्या सिद्धेश्वरांचा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचा, तो गजर, त्यांची बाराव्या शतकातली वचनं कानडीत आहेत.

शिकून घेतलेली भाषा वाचणारा माणूस कशी वाचतो, ते तुम्ही जाणून घ्यावं असं मला फार वाटतं. तो शब्द उघडून बघतो. शाळेत आम्हाला संधी सोडवायला शिकवलं, समासाचा विग्रह करायला शिकवलं. मराठी घरातल्या मुलांना तो मार्कांपुरता अभ्यास वाटायचा. आमच्यासाठी तीच किल्ली होती. सिद्धेश्वर म्हणजे सिद्ध आणि ईश्वर. गणेशोत्सव म्हणजे गणेशाचा उत्सव. ‘विद्यार्थी’ पहिल्यांदा वाचला तेव्हा विद्या आणि अर्थी असा सोडवून कळला. कितीही लांबलचक शब्द आला तरी भीती वाटेनाशी झाली, कारण आत पूर्ण शब्द बसलेले असणार याची खात्री होती. तुमचे नवे शब्द ही खात्रीच काढून घेतात. ‘सखीप्रेन्युअर’ उघडला तर आत ‘सखी’ सापडते आणि ‘प्रेन्युअर’ नावाचं काहीतरी, जे मराठीत नाही, तेलुगूत नाही, इंग्रजीतही सुटं नाही. अर्थ कळण्यासाठी ‘आंत्रप्रेन्युअर’, म्हणजे उद्योजक, हा मूळचा इंग्रजी शब्द आधीच पाठ असावा लागतो. म्हणजे ज्याला इंग्रजी येतं त्यालाच तुमची मराठी जाहिरात कळणार.

दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असावी हा नियम २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही लागू झाला. पाट्या बदलल्या, मला आनंद झाला. पण ‘साडीलिशियस’ देवनागरीत लिहिलं म्हणून ते नवी पेठेत साडी घ्यायला आलेल्या बाईला कळेल असं नाही. तिला ‘साडी’ कळली, तीही दुकानात टांगलेली दिसत होती म्हणून.

तुम्ही म्हणाल, ही बाई भाषाशुद्धीवाली दिसते. नाही. शुद्ध मराठी नावाचं काही असतं तर मला ती शिकताही आली नसती. ‘तूप’ कानडीतून आलं, ‘अडकित्ता’ तिकडूनच, ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ही. बादली, घमेलं, चावी, पगार, पाव हे पोर्तुगिजांचे. कागद, शहर, दरवाजा फारसीतले. आणि मराठीनं हे परके शब्द नुसते घेतले नाहीत, आपल्या शब्दांशी जोडलेसुद्धा. ‘कागदपत्र’ बघा, फारसी कागद आणि संस्कृत पत्र. ‘बाजारहाट’ तसाच. ‘बळजबरी’तलं बळ इथलं आणि जबरी अरबीतून आलेली. ‘धनदौलत’ही त्याच जातीचा. परका शब्द नवखा असताना ओळखीच्या शब्दानं त्याचा हात धरून त्याला घराघरांत फिरवलं. ज्याला ‘कागद’ ठाऊक नव्हता त्याला ‘पत्र’ ठाऊक होतं, त्यामुळं कुणीच बाहेर राहिलं नाही.

पुढं इंग्रजी आली तेव्हाही हेच झालं. आगबोट, शेअरबाजार, पोलीसपाटील, बसथांबा, वीजबिल. जिल्ह्याच्या सगळ्यात मोठ्या साहेबांचं पद घ्या. ‘जिल्हा’ अरबी, ‘अधिकारी’ संस्कृत, आणि दोघांचा रीतसर संधी करून ‘जिल्हाधिकारी’. एवढी मिसळ असूनही कुणाला खटकत नाही, कारण दोन्ही शब्द अख्खे आहेत. मला मिसळीचं वावडं नाही. राग आहे तो कापाकापीचा.

म्हणून ‘शॉपोत्सव’सारख्या शब्दांबद्दल माझी तक्रार तितकी कडवट नाही. तो कानाला टोचतो, पण निदान उघडता येतो, आणि उत्सव हा शब्द अख्खा असतो. ‘गुगलणे’बद्दल तर तक्रारच नाही. माझ्या वयाची माणसं मुलांना त्यावरून रागावतात तेव्हा मी मुलांच्या बाजूनं उभी राहते. ‘बदल’ हा अरबी शब्द, त्याचं आपण ‘बदलणे’ केलं. ‘खर्च’चं ‘खर्चणे’ केलं, ‘कबूल’चं ‘कबूलणे’. ‘गुगलून बघ’ म्हणणारी पोरं त्याच वाटेनं चालली आहेत. मराठीत आलेला शब्द मराठी व्याकरणाच्या हवाली झाला की तो आपला. टेबलावर, बँकेत, मोटारीत, फायलींमध्ये असं आपण सहज म्हणतो, म्हणजे हे शब्द इथं स्थायिक झाले. ‘फिटॅस्टिक’ला विभक्ती लावून बघा. ‘फिटॅस्टिकात’? ‘फिटॅस्टिकांना’? तो नाम आहे की विशेषण, हेही कुणी ठरवलेलं नाही.

बोलता बोलता शब्द झिजतात, एकमेकांत विरघळतात, हेही मी रोज ऐकते आणि मला ते आवडतं. ‘आलो आहे’चं ‘आलोय’ झालं, ‘नाही आहे’चं ‘नाहीये’ झालं. आपल्या सोलापुरात तर ‘काय करलालास बे?’ आणि ‘पाऊस येलालाय’. पुण्याच्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं. ‘करायला लागलास’ हे बोलताना घासून घासून असं झालेलं आहे, जरा कान दिला की कळतं. इथंही अक्षरं गळाली, इथंही दोन शब्दांचा एक झाला. पण हे काम कुणी एकानं बसून केलं नाही. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या, मागावर काम करणाऱ्या, मंडईत घासाघीस करणाऱ्या असंख्य माणसांच्या बोलण्यातून ते पिढ्यान्‌पिढ्या होत गेलं, आणि प्रत्येक पायरीवर ऐकणाऱ्याला अर्थ कळत होता. न कळणारं रूप तिथंच मेलं. तुमचा शब्द ही पायरी ओलांडून एकदम दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर येतो. न कळल्याचं तुम्हाला कुणी सांगत नाही. लोक फक्त पुढं निघून जातात.

वरून लादलेले शब्द टिकतातच असं नाही, हे आपल्या इतिहासात आधीही झालं आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी अष्टप्रधानांची फारसी पदनामं बदलली. पेशव्यांचे मुख्य प्रधान झाले, सुरनिसांचे सचिव, सरनौबतांचे सेनापती. रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, त्यात सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. सचिव आणि सेनापती आजही आपल्या तोंडी आहेत. पण ‘पेशवा’ गेला नाही. पुढं शंभर वर्षं मराठी राज्य पेशव्यांच्या नावानंच ओळखलं गेलं. छत्रपतींच्या आज्ञेनंसुद्धा जे झालं नाही ते एका दुकानाच्या जाहिरातीनं व्हायचं नाही, असं म्हणून मी गप्प बसू शकले असते. पण ‘साडीलिशियस’ उद्या मरेल ही गोष्ट आज शिबिराला न गेलेल्या बायकांच्या काय कामाची?

नवा शब्द घडवण्याविरुद्ध मी नाही, हे या शहरात राहून मला वेगळं सांगावं लागू नये. ‘हुतात्मा’ हा सावरकरांनी रूढ केलेला शब्द. हुत म्हणजे आहुती दिलेला, आणि आत्मा. स्वातंत्र्यलढ्यातले आपले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना इंग्रज सरकारनं १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं. त्याआधीच्या मे महिन्यात सोलापुरानं मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, भोगला होता. या चौघांसाठी आपल्याला एक शब्द हवा होता, आणि नेमका तसा शब्द आपल्याजवळ होता. चार नावं वाचा. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. चौघांच्याही घरच्यांना आपल्या माणसासाठी जो उच्चारता येईल असा तो शब्द आहे. आज आपण पुतळ्यांच्या चौकाला, स्मृती मंदिराला, पुण्याला जाणाऱ्या गाडीला तोच शब्द लावतो. ‘सकाळची हुतात्मा पकडली’ असं म्हणतो, पुल्लिंगी शब्द गाडीमुळं स्त्रीलिंगी होतो आणि कुणाचंही अडत नाही. घडवलेला शब्द लोकांनी किती आपला करावा, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आणि ‘जुळे सोलापूर’? शहराबाहेर नवी वस्ती उभी राहिली, तिला नाव हवं होतं. कुणीतरी साधा घरातला शब्द उचलला, जुळं. आज विजापूर रोडला रिक्षावाल्याला ‘जुळे सोलापूर’ म्हटलं की तो निघतो. तुमच्यातल्या एखाद्याला ते काम आज मिळालं असतं, तर आपण सगळे ‘सोलाट्विन’मध्ये राहत असतो, अशी मला भीती वाटते.

गावाच्या नावाबद्दल बोलतेच आहे तर हेही सांगते. अलीकडं ‘सोल’ एवढाच तुकडा कापून त्याला काहीही जोडायची टूम निघाली आहे. इंग्रजीत त्या उच्चाराचा अर्थ आत्मा होतो, तो श्लेष तुम्हाला आवडतो हे मी समजू शकते. पण मराठी वाचणाऱ्याला ‘सोल’ म्हणजे बुटाचा तळ, नाहीतर ‘कांदा सोल’ मधली आज्ञा. गावाचं नाव अर्धं कापून वर असा अर्थ चिकटवू नका.

‘थॉन’चं तर काय सांगू. मॅरेथॉन हे ग्रीसमधल्या एका जागेचं नाव आहे. इ.स.पूर्व ४९० मध्ये तिथं लढाई झाली आणि विजयाची बातमी घेऊन एक दूत अथेन्सला धावत गेला अशी कथा आहे, त्यावरून शर्यतीला ते नाव पडलं. त्यात ‘थॉन’ला वेगळा अर्थ नाही, जसा ‘पंढरपूर’मधल्या ‘ढरपूर’ला नाही. ‘होलिक’ही असाच. अल्कोहोल अरबी ‘अल-कुहल’वरून आला, त्यावरून दारूच्या आहारी गेलेल्यासाठी ‘अल्कोहोलिक’ झाला, तो भलत्याच ठिकाणी मोडून ‘होलिक’ निघाला आणि आता तो चहाला लावतात. इंग्रजांनी आपल्या भाषेत असे तुकडे केले तो त्यांचा व्यवहार. ज्याला मूळ शब्द माहीत आहे तो तुकड्यावरून ओळखतो. आमच्या गल्लीनं तो मूळ शब्द कुठं ऐकलाय?

आणि आपल्याला ‘थॉन’ची गरज तरी का पडावी? पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. माणसांनी एकत्र येऊन लांबचा पल्ला गाठायचा, दिवसच्या दिवस एकच गोष्ट करत राहायची, यासाठी आपल्याकडं शब्दांचं भांडार आहे. वारी, दिंडी, रिंगण, पारायण, अखंड सप्ताह. आणि हे शब्द पोथीत बंद नाहीत. साहित्य संमेलनाच्या आधी ग्रंथदिंडी निघते, पावसाळ्यात शाळांची वृक्षदिंडी निघते, सायकलवर पंढरपूरला जाणारे स्वतःच्या प्रवासाला सायकलवारी म्हणतात. संगणकाच्या कंपन्यांतली पोरं आषाढीला चालत निघतात तिला आयटी दिंडी म्हणतात. ‘आयटी’ इंग्रजी, ‘दिंडी’ आपली. ‘सायकल’ इंग्रजी, ‘वारी’ आपली. हे शब्द ऐकल्यावर करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मग तुमचा ‘ज्ञानथॉन’ ही ज्ञानदिंडी का होऊ शकत नाही? ‘सखीप्रेन्युअर’चंही तेच. ‘बचतगट’ हा शब्द कुणीतरी घडवलेलाच आहे ना? बचत आणि गट, दोन साधे शब्द. आज प्रत्येक गावात तो आहे, बायका स्वतःची ओळख सांगताना तो अभिमानानं वापरतात. विकायला आलेल्या बायकांचा बाजार भरवताय तर ‘बचतगटांचा बाजार’ म्हणा. चटणीच्या बरण्या त्यानं कमी खपणार नाहीत.

शब्द कापून केलेली सगळीच जोडणी वाईट असते, असंही माझं म्हणणं नाही. इंग्रजीत ‘स्मॉग’ हा शब्द १९०५ मध्ये लंडनमध्ये पुढं आला, धूर आणि धुकं यांचे तुकडे जोडून. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला ‘धुरके’ केलं. धूर आणि धुके. हाही कापून जोडलेलाच शब्द, पण मला तो अतिशय आवडतो. कापलेले दोन्ही शब्द आपले आहेत, तुकड्यांवरून ओळखू येतात, आणि त्यानं अशा गोष्टीला नाव दिलं जिला नाव नव्हतं. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या वस्तूला, ज्या अनुभवाला नाव नाही तिला नाव द्या, मी स्वतः ते शुद्ध करून छापायला पाठवीन. एका नव्या हॉटेलच्या पत्रकात मी ‘भाकरिटो’ वाचला. बाजरीच्या भाकरीत भाजी-भात गुंडाळून देतात म्हणे, बरिटो या मेक्सिकन पदार्थासारखा. पदार्थ नवा आहे, मग नावही नवं असू दे. मुलांना आवडला तर राहील. पण साडीच्या दुकानाला, आरोग्य शिबिराला, वाचनाच्या कार्यक्रमाला नावं आधीपासून होती. तिथं तुम्ही भर काही घातली नाही, जे कळत होतं ते कळेनासं केलं.

लग्नपत्रिकांवर नवरानवरीची नावं अर्धी अर्धी कापून एक नाव करायची पद्धत आली आहे. तो त्या दोघांच्या हौसेचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. एवढंच सांगते की पत्रिकेवर पूर्ण नावंही ठळक छापा. गावाकडच्या आत्याला लग्न कुणाचं आहे ते कळायला हवं.

तुमच्यापुढच्या अडचणी मला कळतात. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, काहीतरी ‘कॅची’ द्या. शेजारच्या दुकानाचा फ्लेक्स इंग्रजी वळणाचा असतो, तुमचा साधा दिसला तर मालक नाराज होतो. वेळ कमी असतो, पैसे त्याहून कमी. आणि मोठ्या शहरांतल्या जाहिराती मोबाईलवर येतात, त्यांचं वळण हाताला लागतं. तरीही माझं मागणं आहे, आणि ते मोठं नाही.

पाणी, आरोग्य, शाळाप्रवेश, मतदान, लसीकरण, सरकारी योजना यांच्या मजकुरात एकही कापलेला शब्द नको. इथं मी कुठलीही सवलत मागत नाही आणि देतही नाही. या गोष्टी न कळल्या तर माणसाचं नुकसान होतं, आणि नुकसान नेमकं त्याचं होतं ज्याच्यासाठी त्या काढलेल्या असतात. महापालिकेचे, संस्थांचे पदाधिकारी हे वाचत असतील तर त्यांनी सही करण्याआधी मजकूर आपल्या शिपायाला किंवा सफाई कामगार बाईंना वाचायला द्यावा आणि काय कळलं ते विचारावं. त्यांनी जे सांगितलं तेच गावाला कळणार आहे.

दुकानांच्या आणि कार्यक्रमांच्या नावांत तुम्हाला मोकळीक आहे, ती मी कशी नाकारणार? तिथं फक्त विनवते. शब्द मोठ्यानं उच्चारून बघा. त्याचा विग्रह करून बघा. त्यातल्या एका तुकड्याला आपल्याकडं भलता अर्थ नाही ना, ते एखाद्या तेलुगू, कानडी, उर्दू बोलणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारा. सोलापुरात असा माणूस शोधायला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तरी पुरे. आणि तुमच्यातली जी तरुण मुलं-मुली खरोखर शब्दांशी खेळू शकतात, त्यांनी मराठीच्या जोडणीचे प्रकार एकदा नीट बघावेत. समास आहेत, संधी आहेत, ‘गिरी’, ‘वाला’, ‘पणा’, ‘करी’ असे प्रत्यय आहेत. ‘खाऊगल्ली’ असाच कुणाच्या तरी डोक्यातून आला असेल. किती नेमका शब्द, किती रुचकर, आणि पाचवीतलं पोरही तो घडवू शकलं असतं.

संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या यात्रेची, आपल्या गड्ड्याच्या यात्रेची, तयारी डिसेंबरात सुरू होते. होम मैदानावरच्या पाळण्यांचे, स्टॉलचे, प्रदर्शनांचे फलक तुम्ही तेव्हा लिहायला घ्याल. यात्रेला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटकातून आणि तेलंगणातून माणसं येतात, त्यांतल्या पुष्कळांना मराठी जेमतेम वाचता येतं. सार्वजनिक सोयींचे जे फलक असतील, म्हणजे पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार, हरवलेल्या मुलांचा कक्ष, बसचे थांबे, त्यांचा मजकूर मी मोबदला न घेता तपासून देईन. तेलुगूत हवा असेल तर तोही लिहून देईन, कानडीसाठी माझ्या ओळखीच्या शिक्षिका तयार आहेत. फक्त छपाईच्या आदल्या रात्री पाठवू नका, दोन दिवस हातात ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पूर्व भागातली एक मुद्रितशोधक
सोलापूर